विहिरीची पाळी आणि माझी कादंबरी

बाजाराच्या दिवशी तुळजापुरात ओळखीचे कुणी भेटले की पहिला प्रश्न ठरलेला. "काय, खपली का पुस्तकं?" तूर गेली का, शेळी विकली का, त्याच सुरात. मला त्याचा राग येत नाही. कादंबरी मी लिहिली, स्वतःच्या पैशाने छापली आणि मोटारसायकलीला पिशवी अडकवून गावोगाव विकली. माल माझा, तेव्हा मालाची चौकशी व्हायचीच.

शेतकऱ्याने लिहावे कधी आणि छापावे कसे, असे पुष्कळजण विचारतात. तेवढे सांगायला बसलो आहे. पण सांगता सांगता घरातली एक गोष्टही सांगावी लागेल. ती वगळली तर हिशेब अर्धा राहतो.

आमची जमीन पाच एकर दहा गुंठे, धाराशिव जिल्ह्यात. खरिपाला सोयाबीन, उडीद, तूर. रब्बीला ज्वारी आणि हरभरा. १९९८ साली आम्हा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. जमीन साखळी लावून मोजता आली, भांडी मोजता आली, विहीर काही मोजता येईना. मग पाण्याच्या पाळ्या ठरल्या. चार दिवस आण्णांचे, चार दिवस माझे. मोटारी दोघांच्या वेगळ्या. आण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. पुढे मी बारावीपर्यंत शिकलो ते आण्णांच्या जिवावर. हे आधीच सांगून ठेवतो.

लिहिण्याची वेळ मला विजेने ठरवून दिली. शेतीपंपाची लाईट आमच्याकडे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात गाव झोपले की आम्ही शेतकरी बॅटऱ्या घेऊन निघतो. ज्याने रात्रीचे दारे धरले आहे त्याला ठाऊक आहे की त्या कामात मेहनतीपेक्षा वाट पाहणे जास्त. एक वाफा भरायला वीसेक मिनिटे लागतात. तो भरला की दारे मोडून पाणी पुढच्या वाफ्यात लावायचे आणि पुन्हा बसायचे. कुणी या वेळात तंबाखू मळतो, कुणी मोबाईलवर भजने ऐकतो. मी कमरेला वही खोचून नेऊ लागलो. एका वाफ्यात अर्धे पान होई. बॅटरीच्या उजेडाला किडे येत आणि ओल्या शाईवर चिकटत. शिवाय एक कान मोटारीकडे ठेवावा लागे, कारण तिचा आवाज बदलला की धावायचे. पुढे एका प्राध्यापकांनी पुस्तक वाचून मला कळवले की तुमची वाक्ये आखूड आहेत, ही तुमची शैली दिसते. शैली कसली! पाणी फुटायच्या आत वाक्य संपवायला नको?

२०१४ च्या रब्बीत सुरुवात केली. २०१५-१६ च्या दुष्काळात विहिरीने तळ दाखवला. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते साल. रात्री शेतावर जायचे कारणच उरले नाही आणि त्या सबंध वर्षात माझ्या हातून एक ओळ लिहून झाली नाही. घरी बसून लिहायला कुणी मनाई केली नव्हती, पण घरी जमेना. पुढच्या पावसाळ्यात विहिरीला पाणी आले तशी वहीही पुढे सरकली. २०१८ च्या शिमग्याला कादंबरी संपली तेव्हा अकरा वह्या भरल्या होत्या. आमच्या मंडळींना तोवर त्या दुधाच्या हिशेबाच्या वह्या वाटत होत्या.

कादंबरी होती दोन भावांची आणि एका विहिरीची. नावे बदलली, गावाचे नाव बदलले. बाकी काय बदलले ते पुढे येईलच.

आता छापण्याचे. एका शहरातल्या प्रकाशकांकडे वह्यांच्या झेरॉक्स पाठवल्या. पाच महिन्यांनी उत्तर आले. छापू, पण तीनशे प्रती तुम्ही आगाऊ पैसे देऊन विकत घ्यायच्या. मी म्हटले, पैसे माझे, विकायचे मी, मग तुमचे काय? नाव? नाव तर मला वडिलांनी दिलेले आहे. त्यांच्याकडे मग गेलो नाही. सगळेच प्रकाशक असे असतात असे मी म्हणणार नाही. मला भेटले ते असे होते.

सोलापुरात एका छापखान्यात चौकशी केली. तिथे 'फर्मा' हा शब्द शिकलो. सोळा पानांचा एक फर्मा. माझी कादंबरी डेमी आकारात दोनशे आठ पानांची, म्हणजे तेरा फर्मे. पाचशे प्रतींचा कागद, छपाई आणि बांधणी मिळून साडेसदतीस हजार, अक्षरजुळणी पानाला पस्तीस रुपये, मुखपृष्ठाचे अडीच हजार. मुद्रितांसाठीच्या एसटीच्या फेऱ्या धरून अठ्ठेचाळीस हजार. २०१९-२० साली सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३,७१० रुपये होता. म्हणजे तेरा क्विंटल सोयाबीन. फर्म्याला क्विंटल!

तेवढे पैसे बँकेत होते, पण ते घराचे होते. आमचे घर जुने माळवदाचे. दर पावसाळ्यात गळायचे. ते उतरवून पत्रे टाकायचे म्हणून दोन वर्षे पैसे बाजूला ठेवले होते. चार दिवस मी घरात तोंड उघडले नाही. पाचव्या दिवशी भाकरी वाढता वाढता मंडळीच म्हणाल्या, "त्या वह्यांचं काय ठरलं?"

"पैसं पत्र्याचं हायेत," मी म्हणालो.

"घर गळलं तर ताडपत्री टाकता येती. तुमच्या मनाला टाकायला ताडपत्री कुठून आणू?"

त्यांनी हे हौसेने म्हटले की कंटाळून, ते मला अजून कळलेले नाही. विचारायचे धाडसही झाले नाही.

मुद्रिते तपासायला चार वेळा सोलापूरला गेलो. अक्षरे जुळवणारा मुलगा हुशार, पण शेती त्याने एसटीच्या खिडकीतून पाहिलेली. 'कुळवाचे रुमणे हातात धरले' याचे त्याने 'कुळवाचा रुमाल हातात धरला' असे केले होते. 'शिवळा'चे 'शेवाळ' झाले. मी त्याला कागदावर जू काढून दाखवले, शिवळा कुठे असतात ते दाखवले. तो म्हणाला, "काका, हे शब्द आता कोण वाचणार?" मी म्हटले, "तू वाचलास की." एवढे करूनही पुस्तकात बारा चुका राहिल्याच.

छापू पाहणाऱ्यांच्या माहितीसाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. पुस्तकाच्या मागे जो आयएसबीएन नावाचा लांबलचक आकडा असतो तो केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था देते आणि लेखकाने स्वतः प्रकाशन केले तरी तो मिळतो, तोही फुकट. माझा अर्ज पुतण्याने भरला. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. चारी पार्सले टपालात टाकली त्या दिवशी मला उगाच आपण मोठे झाल्यासारखे वाटले. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदानाची योजना आहे. ती मला पुस्तक छापून झाल्यावर कळली. तुम्ही आधी चौकशी करा.

डिसेंबर २०१९ मध्ये गठ्ठे घरी आले. मारुतीच्या देवळात नारळ फोडला, एकतीस प्रती तिथेच गेल्या. लगेच १० ते १२ जानेवारी २०२० ला उस्मानाबादेत त्र्याण्णवावे साहित्य संमेलन भरले. आमच्या उंबऱ्यातच म्हणायचे. ग्रंथप्रदर्शनात गाळा घेण्याची ऐपत नव्हती. कवितांचे पुस्तक घेऊन आलेल्या एका गुरुजींनी मला अर्धे टेबल दिले. तीन दिवसांत त्रेचाळीस प्रती विकल्या. किंमत दोनशे वीस, पण हातोहात दोनशेला देत होतो. घेणारे बहुतेक शेतकरी आणि मास्तर. एका बाईंनी पुस्तक हातात घेऊन पहिली चार पाने उभ्याउभ्या वाचली, खाली ठेवले, निघून गेल्या आणि तासाभराने पदरातून पैसे काढीत परत आल्या. त्या वेळी वाटले, पत्रे पुढच्या वर्षी टाकू, काय बिघडते?

संमेलनाहून आलो आणि आठच दिवसांत आण्णा दारात उभे राहिले. आत आले नाहीत. गावात कुणीतरी त्यांना सांगितले होते, तुमच्यावर लिहिलंय म्हणून.

"माझ्या नावावर किती पैसं मिळाले, बारक्या?" एवढेच म्हणाले आणि वळून गेले.

त्याचे असे झाले. २००३ च्या जानेवारीत माझा हरभरा फुलात होता. माझ्या चार दिवसांच्या पाळीत लाईटच आली नाही. नंतर आण्णांची पाळी सुरू झाली, लाईटही आली, पण तीन रात्री त्यांच्या मोटारीचा आवाज नाही. विहिरीत पाणी नुसते उभे. मी त्यांच्याकडे गेलो आणि एक रात्र मागितली. ते "न्हाई" म्हणाले. कारण सांगितले नाही. माझा हरभरा वाळला, खळ्यावर दोन पोती आली. ती रात्र मी सतरा वर्षे मनात ठेवली आणि कादंबरीत घातली. माझ्या कादंबरीतला थोरला भाऊ पाणी वापरत नाही आणि धाकट्यालाही देत नाही. वाचणाऱ्यांना तेच प्रकरण सर्वांत आवडले होते. परंडा तालुक्यातून एका बाईंचा रात्री साडेदहाला फोन आला. त्यांच्याही घरात तसेच झाले होते. बोलता बोलता त्यांना रडू आले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. ज्याच्या जिवावर शिकलो, त्याला परंड्यापर्यंत वाईट ठरवून आलो होतो.

मार्चमध्ये टाळेबंदी झाली. बाजार बंद, एसटी बंद, वाचनालये बंद. तीनशेच्या वर प्रती घरात पडून. एका गावच्या पुस्तक दुकानदाराकडे चाळीस प्रती विक्रीवर हिशेब करण्याच्या बोलीने दिल्या होत्या. त्यांचे पैसे आजतागायत आलेले नाहीत, आणि मीही आता तिकडे फिरकत नाही. भिंतीला भिंत लागून घर असूनही आण्णांशी बोलणे बंद. वैनी मात्र मधूनमधून परड्याच्या भिंतीवरून कालवण देत.

मग १४ ऑक्टोबर २०२० चा पाऊस आला. आमच्या आणि सोलापूर जिल्ह्यात ज्यांनी तो पाहिला त्यांना वर्णन नको. काढलेल्या सोयाबीनच्या गंजी पाण्यात होत्या. रात्री नऊच्या सुमारास माळवद ठिकठिकाणी गळू लागले. आम्ही आधी गुरे सोडली, मग धान्याच्या कोठीवर ताडपत्री टाकली. पुस्तकांवर टाकायला काही उरले नाही. मी परातीने पाणी बाहेर फेकत होतो. तेवढ्यात आण्णा डोक्यावर पोते घेऊन आत आले. वय सत्तरीला आलेले. कुणाशी बोलले नाहीत. कोपऱ्यातला एक गठ्ठा उचलला आणि आपल्या घरी नेला. त्यांचे घर स्लॅबचे. दुसऱ्या खेपेला त्यांचा मुलगाही आला. अकरा गठ्ठे त्यांनी नेले. तळाचे भिजले होते, बासष्ट प्रती वाया गेल्या. बाकीच्या वाचल्या. ज्या पुस्तकाने त्यांना गावात मान खाली घालायला लावली, ते त्यांनी पाठीवरून वाहिले. हे लिहितानासुद्धा माझा हात थांबतो.

सकाळी मी आभार मानायला गेलो तर ते शेताकडे गेले होते. गठ्ठे मात्र माघारी दिले नाहीत. मी मागितलेही नाहीत.

त्या साली येळवस जानेवारीत आली. आमच्याकडे येळवस म्हणजे दिवाळीहून मोठी. सगळे शेतात, कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, उंडे. आमच्या दोन्ही घरांची खोप वाटण्यांनंतर वेगळी. दुपारी वैनी आमच्या खोपीशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, आंबील जास्ती झालीय, तिकडंच या की." मी गेलो. आण्णा ज्वारीच्या कडेला घोंगडीवर बसले होते. बराच वेळ दोघेही आंबीलच पीत होतो.

मग तेच म्हणाले, "नातीनं वाचून दाखवलं समदं. रोज संध्याकाळी थोडंथोडं."

मी गप्प.

"ती मोटार जळाली होती बारक्या. पयल्याच रात्री. म्या अंधारात काढली आन् पहाटेच्या एसटीनं नळदुर्गाला नेली. भरायला पैसं न्हवतं. हिची बोरमाळ ठेवली तवा चौथ्या दिशी मिळाली. एकच रात्र हातात राहिली होती. ती तुला दिली असती तर माझा गहू गेला असता."

"मला माहीत न्हवतं, आण्णा."

"विहिरीत डोकावला असतास तर दिसलं असतं. मोटार न्हवती तिथं."

खरे होते. रागाच्या भरात मी त्या चार दिवसांत विहिरीकडे फिरकलोच नव्हतो. आवाज नाही एवढ्यावरून सगळे ठरवले होते. सतरा वर्षे!

"मग तवाच का न्हाई सांगितलं?" मी विचारले.

"थोरल्यानं धाकट्याला काय सांगायचं, बायकूचं डोरलं-बोरमाळ ठेवली म्हनून?" ते म्हणाले. मग जरा वेळाने, "आन् एक. त्या विहिरीवर तू बाभळ लिवलीस. तिथं लिंब होता. आपल्या बानं लावलेला."

गठ्ठे दुसऱ्या दिवशी त्यांच्या बैलगाडीतून आमच्याकडे आले. वर एक प्रत सुटी होती, पानांना हळदीचे डाग पडलेली. ती नातीची. ती मी परत पाठवली.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्याची पहिली प्रकरणे एका पत्रात छापून आली आणि पुढली त्या पत्राने छापली नाहीत. पण फुल्यांनी तो ग्रंथ पुणे, मुंबई, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे वाचला होता. कुठे ते, कुठे मी! पण हे वाचून माझ्या डोक्यात एवढे आले की ज्यांच्यावर लिहिले त्यांच्यापुढे मी आधी वाचले असते, तर परंड्याच्या बाई रडल्या त्या निदान खऱ्या गोष्टीवर रडल्या असत्या. आता दुसरी कादंबरी चालू आहे. तिचे प्रत्येक प्रकरण आण्णांच्या ओट्यावर वाचतो. ते अर्धा वेळ झोपतात. जागे असले की औताचे नाव चुकले, नक्षत्र चुकले, असे काढतात. कादंबरीतल्या बायका मात्र वैनी तपासतात.

पाचशे प्रतींचा हिशेब असा. दोनशे छप्पन्न मी हाताने विकल्या, सरासरी दोनशेला. चौऱ्याऐंशी वाचनालयांनी पंचवीस टक्के सूट घेऊन नेल्या. त्यांचे पैसे उशिरा पण आले. वाचनालयांचे अनुदान आले की ते देतात, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. चाळीस दुकानदाराकडे, अठ्ठावन्न भेटीदाखल आणि कायद्याच्या, बासष्ट भिजल्या. पासष्ट हजार आले. छपाई, पेट्रोल आणि टपाल मिळून सत्तावन्न हजार चारशे गेले. तीन वर्षांच्या धावपळीचे साडेसात हजार सुटले. पत्रे २०२२ च्या उन्हाळ्यात टाकले, ते सोयाबीनच्या पैशातून. पुस्तकाच्या पैशातून मंडळींना एक शिलाई मशीन घेतले, तेही जुने.

२०२३ मध्ये पुन्हा शंभर प्रती काढल्या. आता थोड्या प्रतीही छापून मिळतात. प्रतीमागे खर्च जास्त पडतो, पण घर भरून गठ्ठे ठेवावे लागत नाहीत. पूर्वी परगावी पाठवायला नोंदणीकृत पुस्तक-टपाल स्वस्तात पडे. ते डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाल्यापासून दूरच्या वाचकाला पुस्तक पाठवताना जीव हळहळतो. काही वेळा टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला लाज आणतो.

नव्या आवृत्तीत बाभळीचा लिंब केला. त्या रात्रीच्या प्रकरणाचे काय करावे, याचा महिनाभर विचार केला. काढून टाकावे असे मंडळींचे मत होते. आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुला तवा तसंच वाटलं हुतं." शेवटी ते तसेच ठेवले आणि खूप पुढे, शेवटच्या वहीच्या भागात, थोरलीच्या तोंडी बोरमाळेचे दोन शब्द घातले. धाकट्याला ते उशिरा कळते. परंड्याच्या बाईंना नवी प्रत पाठवली आहे. त्यांचा अजून फोन आला नाही.

असो. या आठवड्यात आमच्याकडे लाईट रात्रीची आहे आणि पाळी माझी. सातवी वही निम्मी झाली आहे. गव्हाला दुसरे पाणी द्यायचे आहे, तेव्हा निघतो.